भूत बरं आहे, माणसं बेकार

आमच्या गावच्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना उंच कपाटं, शिडी आणि गंभीर शांतता दिसायला लागते. आमच्याकडे एक खोली आहे, पुढे पत्र्याचा व्हरांडा आहे आणि भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू झाली की कवितासंग्रहांवर पिठाचा पातळ थर बसतो. इतर पुस्तकांवर बसत नाही, कारण ती जागेवर नसतात. शेलूबाजारहून जीप पकडली तर पंधरा मिनिटांत आमचा फाटा येतो. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात मी तिथे बसलेला सापडतो.

वाचक दोन प्रकारचे. पहिले म्हणजे पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी. ती आपापली पुस्तकं घरून आणतात, त्यांना आमच्याकडून फक्त पंखा आणि खुर्ची लागते. दुसरे म्हणजे भुतांच्या गोष्टी वाचणारे. एक अख्खं कपाट त्यांचंच आहे आणि खरं सांगायचं तर वाचनालय त्या एका कपाटावर चाललेलं आहे. मला त्याची लाज वाटायची. मी स्वतः कवी. माझ्या तीन कविता दिवाळी अंकांत छापून आलेल्या आहेत, त्यातल्या एकीवर दुसऱ्याच माणसाचं नाव पडलं होतं, पण कविता माझीच. असा माणूस रोज सकाळी 'चेटकिणीचा हात' नावाच्या पुस्तकाला डिंक लावत बसतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

या कपाटाचे सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाईनमनकाका. अख्खं गाव त्यांना याच नावानं हाक मारतं. दर सोमवारी ते कापडी पिशवी घेऊन येत, दोन पुस्तकं परत करत आणि म्हणत, "भुताचे द्या दोन."

"हे वाचलंय ना तुम्ही?" मी विचारायचो.

ते मुखपृष्ठाकडे थोडा वेळ बघत आणि म्हणत, "असन." कधीकधी म्हणत, "नसन." मला वाटायचं, वयानं विसरत असतील.

मग एका सकाळी भरतीची तयारी करणारी एक मुलगी कपाटाशी उभी राहून एकटीच हसताना दिसली. उंच, काटक, धावण्यात जिल्ह्यात नाव काढील अशी मुलगी. सामान्यज्ञानाचं पुस्तक समोर असताना मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. हातात भुताचं पुस्तक होतं.

"सर, हे पाहा," ती म्हणाली.

पुस्तकात एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. वाक्य असं: 'अमावस्येच्या त्या रात्री शुभ्र चांदण्यात ती उभी होती.' समासात लिहिलं होतं, "अमोशाले चांदणं कोनं पाडलं?"

मी पान उलटलं. 'तिचे पाय उलटे होते.' समासात: "मंग जिना चढली कशी? पडली असती."

पुढे, 'त्या वाड्यात शंभर वर्षं कुणीही पाऊल टाकलं नव्हतं. कोनाड्यात दिवा मिणमिणत होता.' समासात: "तेल कोनाचं?"

त्याच्या पुढे नायक किंकाळी फोडून बेशुद्ध पडला होता. तिथे जरा जास्त मजकूर होता. "हा तिसऱ्यांदा पडला. याले डॉक्टरले दाखवा. रक्त कमी असन."

आणि शेवटच्या कोऱ्या पानावर, निकाल दिल्यासारखं: "भूत बरं आहे, माणसं बेकार."

मी कपाटातली बाकीची पुस्तकं काढून पाहिली. बऱ्याच पुस्तकांवर तेच अक्षर, गोल आणि मोठं, शाळेत पाटीवर गिरवलेलं असावं तसं. कुठेही शिवीगाळ नव्हती, फक्त चौकशा होत्या. एका जाड संग्रहात मात्र पाच गोष्टींवर आडवी फुली मारलेली आणि पान एकेचाळीसवर एकुलती एक बरोबरची खूण होती. शेजारी लिहिलं होतं, "इथं भेव वाटलं."

मी ते पान तिथेच उभ्यानं वाचलं. गोष्ट साधी होती. म्हातारा सासरा वारलेला असतो. तेराव्यानंतर सून घरातले कपडे धुवायला काढते, आणि त्या गाठोड्यात तिला सासऱ्याचं धोतर सापडतं. धुतलेलं नाही, घामानं मळलेलं, जणू आत्ता कुणी वावरातून येऊन सोडलेलं. ती कुणाला काही सांगत नाही. धोतर धुते आणि वाळत घालते. इतकंच. ना किंकाळी, ना वीज कडाडणं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, शेजारी गिरणी घरघरत होती, आणि मला पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं.

पण मी ग्रंथपाल होतो. मी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून कपाटाला लावलं: 'कृपया पुस्तकांत काहीही लिहू नये.' सोमवारी काकांनी ते वाचलं आणि त्याच्या पुढच्या सोमवारी परत केलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर उत्तर आलं. "लिहिणाऱ्यानं आधी नीट लिहावं."

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, हे बरोबर नाही. सार्वजनिक पुस्तकं आहेत."

काका एकदम शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "चूक झाली भाऊ."

"पुन्हा लिहायचं नाही."

"सांगून पाह्यतो," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले. मी तेव्हा त्या वाक्याचा विचार केला नाही.

अडचण अशी झाली की त्या मुलीनं बाहेर बातमी फोडली. लोक येऊन म्हणायला लागले, "शेरेवालं पुस्तक द्या." कोरं दिलं तर परत करायचे. एका गृहस्थांनी तर मूळ गोष्ट न वाचता फक्त समास वाचून पुस्तक परत केलं आणि म्हणाले, "लय मस्त लिहिते हा लेखक."

आता मात्र माझ्यातला कवी दुखावला. मी ठरवलं की एक अशी भयकथा लिहायची की काकांच्या पेन्सिलीला टेकायला जागा सापडू नये. आठवडाभर बसून मी अठरा पानांची 'शापित विहीर' लिहिली. शहरातून एक तरुण येतो. गावाबाहेर निबिड रानात एक विहीर असते. तिथे 'कृपया येथे थांबू नये' अशी पाटी असते. तरुण थांबतो. पुढे जे व्हायचं ते होतं. मंगरूळपीरला जाऊन मी ती टाईप करून आणली, स्पायरल लावून घेतलं, दाखल रजिस्टरमध्ये 'लेखक: अज्ञात' अशी नोंद केली आणि सोमवारी काकांच्या पिशवीत टाकली. "नवीन आलंय," मी म्हणालो. आणि लगेच रजिस्टरात डोकं घातलं.

तो आठवडा मी नीट जेवलो नाही. पुढच्या सोमवारी काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पंख्याकडे बघत उभे राहिले. ते गेल्याबरोबर मी उघडलं. दुसऱ्या पानावर पाटीच्या खाली रेघ होती: "रानातल्या विहिरीवर पाटी कोन लावते? तेबी कृपया?" चौथ्या पानावर 'निबिड' या शब्दाभोवती गोल होता आणि फक्त प्रश्नचिन्ह. पाचव्या पानावर काही नाही. सहाव्यावर नाही. भूत पहिल्यांदा वर येतं त्या अकराव्या पानावरही नाही. मी आशेनं शेवटपर्यंत गेलो. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "पाच पानं वाचली. मंग दळण आलं."

माझ्यावर आजवर झालेली टीका मी विसरलो आहे, ही विसरलेलो नाही. वाईट आहे असं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. दळणाशी काय भांडणार?

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. सहाव्या पानापासून पुढे वाचून मग बोला, एवढंच मला सांगायचं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते. अंगणात दोन खाटांवर कुरोड्या वाळत घातलेल्या होत्या. काका उकिडवे बसून त्या एकेक करून उलटत होते. ओसरीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून काकू बसलेल्या होत्या. एका हातात शेळ्या हाकलायची काठी, मांडीवर उघडं पुस्तक, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.

मी त्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. काकांनी मान वर न करता म्हटलं, "मी सांगतलं होतं तिले."

"बस बाप्पा," काकू म्हणाल्या. "ते विहीर तूच लिहिली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कृपया. हे म्हणे तुह्या कपाटावरबी तसंच लिहिलं हाय. आपल्या गावात दुसरं कोन म्हणते कृपया?"

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत. गुडघे गेल्यापासून घराबाहेर पडणं कमी झालेलं. काका ड्युटीवर असताना दिवस दिवस घरी एकट्या, तेव्हापासून वाचनाची सवय. वाचनालयात त्या कधी आल्या नव्हत्या, काकाच पुस्तकं नेत आणि आणत. काकांनी स्वतः त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं, म्हणून ते 'असन' आणि 'नसन' म्हणत.

मी म्हणालो, "काकू, पुढं वाचायला पाहिजे होतं. खरी गोष्ट पुढं आहे."

त्यांनी पुस्तक मिटलं. काठी मात्र हातातच होती. "मले सांग, तुहा तो माणूस विहिरीवर कायले जाते?"

"उत्सुकतेपोटी."

"घरी काम नाही का त्याले?"

"तो शहरातून आलेला असतो."

"बायको?"

"नाही."

"माय?"

"तसा उल्लेख नाही."

"मंग पडू दे विहिरीत. कोनाचं काय जाते?"

काका कुरोडी हातात धरून थांबले. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "बरोबर आहे."

"आन् ते भूत," काकू पुढे म्हणाल्या, "ते कायले बसलं तथी?"

"सूड घ्यायला."

"कोनाचा?"

"समाजाचा," मी म्हणालो. लिहिताना हा शब्द फार चांगला वाटला होता.

"समाज त्या दिवशी विहिरीवर आलता का?"

एक शेळी कुरोड्यांकडे सरकत होती, काकूंनी बसल्या जागेवरून काठी आपटली आणि शेळी गेली. त्यांनी मला चहा दिला. चहा पिताना राग थोडा उतरला, आणि मी जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "मग काकू, वाचण्यासारखी भुताची गोष्ट कशी असते?"

"मले काय मालूम? मी काय लेखक हाय?" त्या म्हणाल्या. मग अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा नीट खोचली. "माह्या सासूचं सांगू का तुले?"

"सांगा."

"नको सांगू," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "माही सासू लय कडक होती. पन बोलत नसे. मी कनिक भिजवाले बसली का मांगं येऊन उभी राहे. पानी जास्त पडलं का बोटातली आंगठी परातीच्या काठावर वाजवे. टक्. बस. एवढंच. मले त्या आवाजाचा इतका राग येई का माहेरी गेली तरी झोपेत ऐकू ये. मंग बुढी वारली. तेरवी झाली, पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी मी कनिक भिजवाले बसली. म्हटलं, आता भिजवतो मनासारखी. पानी घातलं. आन् मांगून आवाज आला. टक्."

"उंदीर असन," काका म्हणाले.

"उंदराले कनकीतलं पानी समजते का?" काकू म्हणाल्या. "रोज नाही वाजे. पानी जास्त पडलं तेव्हाच."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"भेव कायचं? राग आला! म्हटलं, मेल्यावरबी माह्या मांगं!"

मी हसलो. काकाही हसले, पण त्यांचं लक्ष कुरोड्यांवरून उडालं होतं. काकू हसत नव्हत्या.

"पाच-सहा महिने वाजलं. मंग एकडाव मी माहेरून आली होती. माह्या मायची तब्येत बरी नव्हती, मन थाऱ्यावर नाही. पानी धडाधडा पडलं. कनकीची पार कढी झाली. मी हात तसाच धरून बसली. वाट पाह्यली. वाजलं नाही. मी अजून पानी घातलं, मुद्दाम. तरी नाही." त्यांनी काठी खाली ठेवली. "त्या दिवशी वाटलं मले भेव. घरात आता कोनीच नाही, असं वाटलं."

साडेतीन वाजले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते आणि ते काकूंना दिसू नयेत म्हणून मी हात मांडीखाली घेतला. माझ्या अठरा पानांत दोन खून, एक आत्महत्या आणि एक वादळ होतं. इथे एक परात होती आणि तिच्यातलं पाणी. आणि जो आवाज नको नको म्हणून ती बाई कंटाळली होती, त्याचीच वाट बघत बसली होती. मी घरी येऊन 'शापित विहीर' पुन्हा वाचायला घेतली. मलाही पाचव्या पानाच्या पुढे जाववेना.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार, रजिस्टर बघणार, पुस्तकांची अवस्था बघणार. मी घाबरून काकूंकडे गेलो आणि म्हणालो, शेरे पुसावे लागतील.

"मी लिहिलं, मीच पुसतो," काकू म्हणाल्या. "पन इतके पुस्तकं घरी कोन आनन? मीच येतो."

काका त्यांना मोटारसायकलवर घेऊन आले. हातात खोडरबर, खांद्यावर पदर, आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला आल्याचा भाव. भरतीची आठ-दहा पोरं-पोरी मान खाली घालून पाठांतर करत होती. काकू पंख्याखालच्या खुर्चीवर बसल्या, आजूबाजूला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "इथं कोनी बोलत नाही का?"

"वाचनालय आहे ना काकू, शांतता पाळतात."

"मंग तुमाले भेव नाही वाटत?"

पहिली मान तिथे वर झाली. मी पुस्तकांचा गठ्ठा आणून ठेवला. काकूंची रीत अशी की शेरा पुसायच्या आधी एकदा वाचून पाहायचा, आणि वाचायचा म्हणजे मोठ्यानं. "हा तिसऱ्यांदा पडला. याले डॉक्टरले दाखवा." मग खसाखसा खोडरबर. दोन शेरे झाले तशी पोरं हसायला लागली. पाचव्या शेऱ्याला सामान्यज्ञानाची पुस्तकं मिटली. मग एक जण म्हणाला, "काकू, हे पुसू नका ना." दुसरा म्हणाला, "मूळ गोष्ट काय आहे ते तर सांगा." काकू मूळ गोष्ट सांगायच्या, पण आपल्या दुरुस्त्यांसह, त्यामुळे ती मुळापेक्षा फार बरी व्हायची. उलट्या पायांच्या बाईला त्यांनी जिन्याऐवजी तळमजल्यावर ठेवलं. शंभर वर्षं रिकाम्या वाड्यात शेजारची एक विधवा रोज तेल घालायला येते, असं केलं, आणि गोष्ट एकदम त्या विधवेची होऊन बसली. दोन तासांत तीन पुस्तकं पुसून झाली, चौदा राहिली.

शेवटी पोरांनीच विचारलं, तुम्हाला स्वतःला कधी काही दिसलं का? काकूंनी परातीची गोष्ट सांगितली. मी ती आधी ऐकलेली होती, तरी व्हरांड्यात काही काम नसताना दारात येऊन उभा राहिलो. 'वाजलं नाही' या शब्दांपाशी सगळे इतके गप्प झाले की गिरणीवाला दाणे ओतायचा थांबून डोकावला. त्याला वाटलं, वाचनालय बंद झालं.

ती धावणारी मुलगी खुर्ची ओढून काकूंच्या जवळ आली. हळूच तिनं विचारलं, "काकू, मग आता? तुमच्या सुनेला वाजतं का?"

काकूंनी विचार केला. "ते पाहाले मलेच मरा लागन," त्या म्हणाल्या. "आन् माही सून कनिक मशीनीत भिजवते. मी वाजवू कायवर?"

ते हसणं रस्त्यापर्यंत गेलं. काका बाहेर मोटारसायकलपाशी उभे होते, ते काय झालं म्हणून धावत आले.

तपासणीला साहेब आले तेव्हा चौदाही पुस्तकं शेऱ्यांसकट कपाटात होती. मी रजिस्टरं आधी पुढे केली. त्यांनी ती पाहिली, मग नेमकं भुतांच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं. उघडलं. चष्मा लावला. उभ्यानं दोन पानं वाचली, मग बसून वाचली. चहा आला, गार झाला. मी उभाच होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी पुस्तक मिटलं, अहवाल पुढे ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पुस्तके हाताळली जातात.' जाताना ते पान एकेचाळीसवालं पुस्तक घेऊन गेले. अजून परत आलेलं नाही, आणि मागायचं कसं हे मला कळत नाही.

काकू मला म्हणाल्या होत्या, "विहीर सोड. तुह्या घरचं लिही." मी बरेच दिवस टाळलं, कारण घरचं लिहायचं म्हणजे वडिलांचं लिहायचं. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यांच्या मोबाईलचा नंबर बंद झाला आणि कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला तरी दिला, हे आम्हाला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागलेली होती. सांबार संपला होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आईनं सवयीनं फोन उचलला, सवयीनं पहिलं बटण दाबलं. पलीकडून माणसाचा आवाज आला, "हं, बोल."

आई म्हणाली, "येतांनी सांबार आनजा."

तो माणूस म्हणाला, "बरं."

आईनं फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. अर्धा कांदा चिरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. त्या माणसानंही बहुतेक बायकोचाच फोन समजून उत्तर दिलं असावं. त्याच्या घरी त्या दिवशी विनाकारण सांबार गेला असेल.

हे सगळं मला आईनं आठ दिवसांनी सांगितलं. सांगायला आठ दिवस का लागले, तर त्याच संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्या पिशवीत सांबाराची जुडी होती. मी भाजी कधीच आणत नाही. मेथी आणि शेपू यांतला फरक मला घरी आणल्यावर कळतो, म्हणून मला कुणी सांगतही नाही. आईनं जुडी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि निवडायला बसली.

मी ही गोष्ट चार पानांत लिहिली आणि एका रविवारी काकूंच्या ओसरीवर वाचून दाखवली. त्या तुरीची डाळ पाखडत होत्या. काका आज खाटेवर पडून ऐकत होते. मी जुडीपाशी आलो, थांबलो, आणि म्हणालो, "पुढं दोन परिच्छेद आहेत. स्मृती आणि मृत्यू यांच्याबद्दल."

"ते नको," काकू म्हणाल्या. सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मले एक सांग. तू सांबार कोनाच्या सांगण्यावरून आनला?"

मी लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या दिवशी मी शेलूबाजारला होतो, जीप भरायची होती, एक म्हातारी पोत्यावर भाजी मांडून बसली होती. पोतं ओलं होतं. मी हात पुढे केलेला मला दिसत होता. पण मी मागितली की तिनं दिली, आणि मागितली असेल तर काय म्हणून, तिथपर्यंत जाऊन सगळं थांबत होतं. मी दोनदा आठवून पाहिलं.

"आठवत नाही, काकू."

"खरंच नाही आठवत का गोष्टीसाठी म्हणून राह्यला?"

"खरंच नाही."

"मंग तसंच लिही," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

खाटेवरून काका उठले. भिंतीपाशी गेले आणि ओसरीचा बल्ब लावला. चार वाजले होते, अंगणात डोळे दिपतील असं ऊन होतं.

"कायले लावला?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "लाईन आहे का ते पाहून राह्यलो."